भिकुबाईच्या डोळ्यांचं पाणी

भिकुबाईच्या डोळ्यांना काय झालं होतं, हे गावात प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि प्रत्येकाला निराळंच ठाऊक होतं. शेजारणी म्हणत, चुलीचा धूर. कपाशीच्या ओल्या पळाट्या जाळल्या तर दुसरं काय होणार? कापूस वेचायला बरोबर जाणाऱ्या बाया म्हणत, कपाशीचं कसपट गेलंय, पदराच्या टोकानं काढ. म्हातारी माणसं उष्णतेवर आली की थांबायची नाहीत. तळपायाला एरंडेल चोळ, कांदा खा, उन्हात जाऊ नको. उन्हात जाऊ नको हे तापीकाठच्या शेतकऱ्याच्या सुनेला सांगणं म्हणजे माशाला ओलं होऊ नको म्हणण्यासारखंच. एकदोघींनी नजरेवर बोट ठेवलं, मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि त्या धुरानं तिच्या डोळ्यांना आणखी पाणी आणलं.

दुखणं म्हणावं तर ते मोठं नव्हतं. डोळे आल्यावर चिकटतात, सुजतात, उजेड सोसत नाही, तसलं काही नाही. नुसती कचकच. पापणीखाली वाळूचा बारीक कण असावा आणि तो कुठल्याच फुंकरीनं निघू नये, अशी. सकाळी थोडी कमी, दिवस चढेल तशी जास्त, आणि मग पाणी. अशा दुखण्याला कुणी अंथरूण धरत नाही. वैद्याला दाखवावं इतकं ते मोठं नसतं आणि विसरून जावं इतकं लहानही नसतं.

लग्न होऊन ती शहाद्याच्या खालच्या अंगाला, तापीकाठच्या त्या गावी आली तेव्हाही डोळ्यांत हे पाणी होतंच. तेव्हा कुणी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मग मानमोडीची साथ आली. ज्या वर्षी गावात मढी उचलायला माणसं पुरेनात, त्या वर्षी तिचा नवरा दोधू दोन दिवसांच्या तापात गेला. पदरात एक पोर, फुलवंता, अजून धड चालतही नव्हती. आणि त्या दिवसापासून भिकुबाईच्या डोळ्यांतलं तेच पाणी एकदम दुःख झालं.

आता खरं सांगायचं तर दोधूसाठी ती फार रडली नव्हती. माणूस वाईट नव्हता, चांगलाही म्हणता येणार नाही. शेतात राबायचा, घरी येऊन जेवायचा, खोकायचा आणि झोपायचा. त्याच्याशी तिचं बोलणं झालं असेल तेवढं बैलांशीही झालं असेल. तो गेल्यावर ती घाबरली होती. पण घाबरलेल्या बाईच्या डोळ्यांत पाणी असेल, तर त्यात भीती किती आणि शोक किती, हे कोण मोजत बसतो? ती कोपरा धरून बसली तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्यानं पाहिलं ते ओले डोळे. दहावा झाला, तेरावा झाला, वर्षश्राद्ध झालं, तरी ओलेच. बाया तोंडाला पदर लावून म्हणू लागल्या, असं प्रेम पाहिलं नाही बाई.

तिला भीती होती ती पाटाची. त्यांच्यात तरण्या विधवेचा पाट लावून देत; कुणी विधुर, कुणी दुसरेपणावर बघणारा, अशा माणसाशी. रीत म्हणून ती वाईट नव्हती. कित्येक बायांचा संसार तिनं पुन्हा उभा केला. पण रीतीला दुसरी बाजू होती. बाई पाटानं गेली की पोर मागे राही, बापाच्या घरची म्हणून. भिकुबाई गेली असती तर फुलवंता सासू तापीबाईकडे आणि दीर लोटनकडे राहिली असती. ती माणसं राक्षस नव्हती. पण आईवेगळी पोर, त्यातून पोरगी. तिच्या ताटात शेवटी काय पडतं, हे भिकुबाईनं इतर घरांत पाहिलं होतं. पोरीजवळ राहायचं, एवढीच एक गोष्ट तिला आयुष्याकडून हवी होती.

पाटाची बोलणी घेऊन माणसं आली तेव्हा तापीबाईनं आतल्या खोलीकडे हात केला. ती फार प्रेमळ सासू नव्हती, पण मेलेल्या लेकाची आठवण कुणीतरी जपतंय, याचं तिला बरं वाटायचं.

"तिन्हा डोयानं पानी आजून आटनं नही," ती म्हणाली. "हाई बाईले मी कोठे धाडू?"

माणसं पाणीही न घेता उठली. आत चुलीपुढे बसलेल्या भिकुबाईनं ते ऐकलं. आपल्या डोळ्यांच्या कचकचीचे उपकार मानायची वेळ कुणावर येत असेल, तर ती तिच्यावर आली होती.

तिचा थोरला भाऊ नवल नंदुरबारजवळ धानोऱ्याला राही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला माहेरी न्यायला तो गाडी जुंपून आला. माहेरी पोरी झोक्यावर बसून गाणी म्हणत होत्या आणि भिकुबाई ओसरीवर बसून पदरानं डोळे टिपत होती. नवलनं दोन दिवस बघितलं. त्याला लहानपणीची भिकू आठवत होती. तेव्हाही ती ढोरांमागून यायची ती डोळे चोळतच. तिसऱ्या दिवशी काही न विचारता त्यानं तिला नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरनं काडीवर तिची पापणी उलटवली आणि बराच वेळ बघितलं. मग नवलला सांगितलं, की या खुपऱ्या आहेत, लहानपणापासूनच्या. पापणीच्या आत पुरळासारखे दाणे येतात, बरे होताना कातडी आखडते, पापणी आत वळते आणि तिचे केस बुबुळावर घासत राहतात. बाई डोळा मिटते-उघडते तेव्हा दर वेळी आतून कुंचा फिरतो, म्हणून पाणी. धूर आणि धूळ यांनी ते वाढतं, पण मूळ ते नव्हे. त्यानं चिमट्यानं ते आतले केस उपटले, औषध घातलं, आणि केस पुन्हा येतील म्हणून दर थोड्या दिवसांनी यायला सांगितलं. पुढे पापणीला लहानसा छेद द्यावा लागेल, नाहीतर बुबुळावर फूल, म्हणजे पांढरा डाग, पडून नजर जाईल, हेही सांगितलं. आणि जाताना बजावलं, की ज्या पदरानं स्वतःचे डोळे पुसता त्यानं पोरीचे पुसू नका. हे असंच एकीकडून दुसरीकडे जातं.

परतीच्या वाटेवर भिकुबाई गाडीत डोळे मिटून-उघडून पाहत होती. कचकच गेली होती. ती नाहीशी झाल्यावरच कळलं की ती केवढी होती. तिनं मांडीवरच्या फुलवंताकडे पाहिलं. पोरीच्या डाव्या भुवईत एक बारीक तीळ होता. इतक्या महिन्यांत तो तिला दिसलाच नव्हता. त्या संध्याकाळी माहेरी ती पोटभर हसली, आणि नवलच्या बायकोनं सांगितलं, की भिकूताईला असं हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

हे सुख किती टिकावं? ती सासरी आली. बायांनी तिचा चेहरा पाहिला. डोळे कोरडे, स्वच्छ. गावाचं तोंड कोण धरणार? आठवड्याभरात नदीच्या घाटावर बोललं गेलं, की माहेरी गेली आणि दुःख तिथेच ठेवून आली. कुणी म्हणालं, तरणी आहे, किती दिवस रडेल. त्यात चेष्टा नव्हती, मायाच होती, आणि म्हणूनच ती जास्त घातक होती. महिना उलटायच्या आत तापीबाईनं लोटनला सांगितलं, की ते माणूस पुन्हा आलं तर या खेपेला बसवून घे. पाटासाठी विचारणाऱ्या त्या विधुराचं शेत तापीच्या पलीकडे होतं. फुलवंता अर्थातच इकडे राहणार होती. ते वेगळं बोलायचीही गरज कुणाला वाटली नाही.

त्या दिवशी भिकुबाई मिरच्या कुटत होती. कुटून झाल्यावर हात धुतले नाहीत. परसात गेली, भिंतीकडे तोंड केलं आणि दोन्ही बोटं डोळ्यांत फिरवली.

असं तिनं किती वेळा केलं, ते तिलाच ठाऊक. कधी मिरची, कधी चुलीतली राख, कधी नुसत्या ओल्या पळाट्यांच्या धुरात ती तोंड घालून बसायची. केस पुन्हा उगवून आत वळेपर्यंत तिनं दम धरला. नंतर काही करावं लागलं नाही. लोटननं आलेल्या माणसाला ओसरीवर बसवलं, तेव्हा आतून पाणी घेऊन आलेल्या बाईचे डोळे लाल आणि भरलेले होते. माणूस शहाणा होता. म्हणाला, हिचं मन अजून इथं आहे, आणि निघून गेला. तापीबाईनं त्या रात्री सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात भिकुबाईला चटका बसल्यासारखा लागला.

पण एक गोष्ट तिनं पाळली. फुलवंताचं तोंड पुसायचं फडकं वेगळं ठेवलं, आणि त्याला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. घरातल्यांना हा विधवेचा चक्रमपणा वाटला.

ठरल्याप्रमाणे नवल तिला दवाखान्यात न्यायला आला. ती निघेना. आधी त्यानं समजावलं, मग आवाज चढवला. शेवटी तो तिला गोठ्यामागे घेऊन गेला.

"भिकू, लोक म्हंतस तू रडी ऱ्हायनी," तो म्हणाला. "मी तुले लहानपनपाईन दखस. हाई रडनं नही शे, हाई दुखनं शे."

"माले माहीत शे, दादा. हाई पानी शे म्हनीसन मन्ही आंडेर मन्हाजोडे शे. पानी थांबनं ते आंडेर बी गयी."

नवलला बहिणीचे डोळे हवे होते आणि तिला आंडेर, पोटची पोर, हवी होती. यात खोटं कुणाला पाडणार? तो पोरीला माहेरी घेऊन चल म्हणाला असता, पण लोटन पोरीला सोडणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. त्यानं बैल जुंपले आणि रिकामी गाडी घेऊन गेला. पुढे दोनचार वर्षं तो दर आखाजीला विचारायचा, मग विचारणं सोडलं.

तिच्या डोळ्यांची कीर्ती मात्र वाढत गेली, आणि गंमत बघा, गावाला तिचा उपयोगही सापडला. कुणाच्या घरी मयत झालं की नात्यातल्या बाया गाडीतून जात, गल्लीच्या तोंडाशी उतरून डोक्यावरून पदर ओढत आणि हेल काढून रडत आत शिरत. पहिला हेल काढायला कुणीतरी धीट बाई लागते. कोरड्या डोळ्यांनी ते जमत नाही. जमलं तरी घरचे ओळखतात. भिकुबाईचे डोळे सदा ओले, म्हणून तिला सगळ्यांच्या पुढे घालू लागले. तिनं पहिल्यांदा नाही म्हटलं, मग म्हणणं सोडलं. तिला मेलेल्यांची नावंही कधीकधी माहीत नसायची. पण ती गल्लीत शिरली की घरातल्या बायांचा बांध फुटायचा, आणि तेरवीच्या पंगतीत म्हाताऱ्या म्हणायच्या, काय सांगावं, दुसऱ्याचं दुःख स्वतःचं करते ही. भिकुबाई पानावरची नजर वर उचलत नसे. लाज वाटायची तिला. आणि त्याच लाजेवर तिचं घरातलं स्थान उभं होतं, हेही तिला पक्कं समजत होतं.

फुलवंता मोठी झाली. डोळे स्वच्छ, भुवईतला तीळ ठळक. सारंगखेड्याच्या पलीकडच्या गावात तिचं लग्न लागलं; घर बरं, सासू पार्वतीबाई तोंडाची जरा फटकळ, पण खाऊनपिऊन सुखी. पोरीला सासरी वाटे लावताना सगळ्या बायांनी म्हटलं, हिनं रडून रडून जीव दिला नाही म्हणजे मिळवली. भिकुबाई रडली, आणि ते पहिल्यांदाच खरं रडणं होतं. फरक कुणाला कळला नाही.

आता पाणी थांबलं तरी चालणार होतं. पाटाचं वय गेलं होतं, पोर आपल्या घरी पोचली होती. ती स्वतःहून नवलकडे गेली आणि दवाखान्यात ने म्हणाली. दवाखान्यात आता दुसरे डॉक्टर होते. त्यांनी पापणी उलटवली आणि हळू आवाजात सांगितलं, की उजव्या बुबुळावर फूल पडलंय, डाव्यावर पडायला लागलंय, छेद देऊ पण गेलेली नजर परत येणार नाही. त्यांनी छेद दिला. केस घासायचे थांबले. त्यानंतर मात्र दुसरंच सुरू झालं. इतकी वर्षं जळलेल्या त्या डोळ्यांत ओल निर्माण करणारी जागाच करपून गेली होती. पाणी कमी होत होत एका उन्हाळ्यात आटलंच. आता कचकच ओली नव्हती, कोरडी होती. पापणी मिटताना आतून सुकं कापड ओढल्यासारखं वाटायचं. धाकटी जाऊ जमनाबाई, लोटनची बायको, तिच्या डोळ्यांत तुपाचं बोट फिरवायची. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

मयतीला तिला नेणं बंद झालं. सुकल्या डोळ्यांची बाई पुढे घालून काय करणार? तिला त्याचं सुखच वाटलं. तापीबाई तोवर गेली होती. घरातल्या कोपऱ्यात बसून भिकुबाई शेंगा फोडायची, आणि गाडीचा आवाज आला की विचारायची, सारंगखेड्याकडून कुणी आलं का. फुलवंता दिवसांत होती. पहिलंच बाळंतपण माहेरी व्हायचं, पण पार्वतीबाईनं म्हटलं, माहेरी आंधळी आई काय करणार, आमच्याकडेच होऊ द्या. ते चुकीचं नव्हतं. भिकुबाईनं मान हलवली.

निरोप घेऊन आलेल्या गड्यानं दारातून फक्त गाडी जुंपा एवढंच म्हटलं. बाळ पोटातच गेलं होतं, आणि त्याच्या मागोमाग आई. लोटननं गाडी जुंपली, जमनाबाईनं जावेला हाताला धरून गाडीत बसवलं. वाटेत भिकुबाईनं फक्त एकदा विचारलं, तापी ओलांडली का.

गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. बाया उतरल्या, पदर ओढले, आणि थांबल्या. आता आईचा हेल निघायचा होता. तो निघाल्याशिवाय बाकीच्यांना तोंड उघडता येत नाही. सगळं गाव दारादारांत उभं होतं; या गावातल्या बायांनीही तिची कीर्ती ऐकली होती, कितीजणींनी तर आपल्या घरच्या मयतीला तिला पाहिलं होतं. भिकुबाईनं तोंड उघडलं. घशातून आवाजच निघेना. आत इतकं काही साचलं होतं की त्याला बाहेर यायला वाट उरली नव्हती. डोळे नुसते जळत होते, निखारा ठेवल्यासारखे, आणि त्यांत टिपूसही नव्हतं. हात पुढे करून ती चाचपडत चालत राहिली, आणि तिच्यामागे बायांचा घोळका मुका चालत राहिला.

ओसरीवर पोरीला ठेवलं होतं. भिकुबाई तिच्याजवळ बसली, तोंडावरून बोटं फिरवली, भुवईशी थांबली. तीळ बोटांना लागत नाही. तरी ती तिथे बोट ठेवून बसली.

पार्वतीबाईही सून गेल्यानं मोडलेली होती. नातवासाठी तिनं पाळणा करायला टाकला होता. दुःखाला कुणावर तरी उतरायचं असतं, ते समोरच्या कोरड्या डोळ्यांवर उतरलं.

"गावभरना मढासवर रडनी," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "आनि पोटनी पोरले एक टिपूस नही."

जमनाबाईला ते सोसवेना. ती आत गेली, तांब्या आणला, आपला पदर त्यात बुडवला आणि जावेच्या मागे येऊन बसली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. दोन थेंब गालांवर दिसले असते तर लोकांची तोंडं मिटली असती, आणि आईची लाज राहिली असती.

"बाई," ती कानाशी म्हणाली, "तोंडले जरा पानी लावा. लोक दखी ऱ्हायनात."

भिकुबाईनं तो ओला पदर चाचपून पाहिला. क्षणभर तो तिच्या हातात राहिला. मग तिनं तो जमनाबाईच्या हातात परत दिला.

"आजलगून खोटं पानी चालनं, जमना," ती म्हणाली. "हिन्हासाठे ते नको."

पहिला हेल शेवटी जमनाबाईनंच काढला. मग बाकीच्या बाया रडल्या, पार्वतीबाई ऊर बडवून रडली, आणि तिरडी उठेपर्यंत ओसरी रडण्यानं भरून गेली. त्या सगळ्यांच्या मधोमध भिकुबाई कोरड्या डोळ्यांनी बसून होती. पोरीला उचलताना तिला घट्ट धरलेला भिकुबाईचा हात सोडवावा लागला, पण तो लोटननं पदराआडून सोडवला, म्हणून कुणाला दिसला नाही.

त्यानंतर ती बरीच वर्षं जगली. सारंगखेड्याच्या त्या भागात तिचं नाव काढलं की बाया अजून म्हणत, ती दगडाच्या काळजाची. नवऱ्यासाठी जन्मभर रडली, पण लेकीसाठी रडली नाही.